तबकडीचे मोल : कापण्यापूर्वी एकदा ऐकू या

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. मात्र सोन्याच्या बाबतीत जी दक्षता घेतो, ती जुन्या वस्तूंच्या बाबतीत क्वचितच घेतो. सोनेतारण कर्जासाठी बँकेत दागिना आला, की तो आधी कसोटीवर घासला जातो, त्याचा कस पाहिला जातो, वजन होते आणि त्यानंतरच त्याच्या मूल्याचा आकडा कागदावर उतरतो. घरातील जुन्या वस्तूंच्या नशिबी असा मूल्यांकक सहसा नसतो. दिवाळीपूर्वी माळा आवरायला काढला, की वस्तूंचे दोन ढीग होतात. एक रद्दीचा आणि दुसरा भंगाराचा. कोणता ढीग कशाचा, हे ठरवायला दोन क्षणही लागत नाहीत. ज्या घरात एके काळी ग्रामोफोन वाजत होता, त्या घरातील दुसऱ्या ढिगात हमखास सापडणारी वस्तू म्हणजे काळीभोर, गोल, धुळीने माखलेली तबकडी. आपल्या मराठीतील सुंदर शब्दात सांगायचे, तर ध्वनिमुद्रिका.

गेल्या काही वर्षांत या तबकडीला एक नवे जीवन लाभले आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत तिच्यापासून बनवलेल्या वस्तू लक्ष वेधून घेतात. भिंतीवरचे घड्याळ हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय प्रकार. मधोमध रेकॉर्ड कंपनीचे रंगीत लेबल तसेच ठेवलेले, भोवती काळी चकाकती चकती आणि तिच्यावर फिरणारे काटे. काही कारागीर कडा कोरून त्यातून एखाद्या शहराच्या इमारती, वाद्ये किंवा पक्ष्यांच्या आकृती काढतात. काठ फुलाच्या पाकळ्यांसारखे वर वळवले, की किल्ल्या आणि सुटी नाणी ठेवण्यासाठी वाडगा तयार होतो. काटकोनात वाकवलेली तबकडी फडताळातील पुस्तकांना आधार देते. मधल्या लेबलाचा गोल कापून पेल्याखाली ठेवायचे कोस्टर करतात. उरलेल्या पट्ट्यांतून बांगड्या आणि कानातली घडतात. दोन तबकड्यांमध्ये कागद बांधून वही होते. एकंदरीत कल्पकतेला सीमा नाही.

या कलेचे स्वागतच करायला हवे. व्हिनाइलची तबकडी म्हणजे एक प्रकारचे पीव्हीसी प्लास्टिक. ते मातीत कुजत नाही आणि जाळले तर विषारी वायू बाहेर पडतात. तेव्हा वाजण्याच्या पलीकडे गेलेली तबकडी कचऱ्यात जाण्याऐवजी भिंतीवर गेली, तर त्यात निसर्गाचेही हित आहे आणि हाताला काम मिळाल्याने कारागिराचेही. प्रश्न एवढाच, की जी तबकडी आपण कापायला घेतली आहे, ती खरोखरच वाजण्याच्या पलीकडे गेली आहे काय? आणि ती कापल्यावर नेमके काय कापले गेले, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

एक रूप, दोन कुळे

दुरून पाहता सगळ्या तबकड्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात त्यांची दोन भिन्न कुळे आहेत आणि हस्तकलेच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे.

थोरले कूळ लाखेचे. एडिसनने १८७७ साली आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र बनवले, तेव्हा आवाज नळकांड्यावर कोरला जात असे. एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि पुढे या तबकड्या लाखेच्या मिश्रणातून दाबून काढल्या जाऊ लागल्या. ही लाख कोठून येत होती? बव्हंशी आपल्याच देशातून. छोटा नागपूरच्या पठारावर आणि मध्य भारतातील जंगलांत पळस, बोर, कोशिंब या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा स्राव सोडतात, तो खरवडून, वितळवून आणि गाळून चपडा लाख तयार होते. जगाच्या बाजारात जाणाऱ्या लाखेचा फार मोठा हिस्सा त्या काळी भारताचा असे. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली स्वतंत्र संशोधन संस्थाच स्थापन झाली. लाख, दगडाची पूड, काजळी आणि थोडे तंतू यांच्या मिश्रणातून ही तबकडी बने. ती मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे.

धाकटे कूळ व्हिनाइलचे. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी ‘लाँग प्लेइंग’ म्हणजेच एलपी तबकडी आणली आणि पुढल्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सहज मावत. तीन मिनिटांत राग आटोपण्याच्या सक्तीतून आपले शास्त्रीय गायक-वादक मोकळे झाले, ते या तबकडीमुळे. उस्ताद अली अकबर खाँ यांची १९५५ साली अमेरिकेत निघालेली एलपी ही भारतीय शास्त्रीय संगीताची पहिली एलपी मानली जाते.

ही दोन कुळे ओळखायची कशी? लाखेची तबकडी जड आणि ताठ असते. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली, तर चिनी मातीच्या बशीसारखा टणक आवाज येतो आणि लेबलावर बहुधा ७८ हा आकडा असतो. व्हिनाइलची तबकडी वजनाने हलकी असते आणि दोन्ही हातांत धरल्यास किंचित लवते. लाखेची तबकडी हातातून पडली, तर काचेसारखी फुटते. तिच्यावर करवत चालवली, तर कडा ढासळतात. म्हणूनच तबकडीची कलावस्तू म्हणून आपण जी पाहतो, ती जवळजवळ नेहमी व्हिनाइलची असते आणि तशीच ती असावी.

घडवण्याची रीत

व्हिनाइल उष्णतेने नरम होते आणि थंड झाल्यावर घेतलेला आकार धरून ठेवते. या एका गुणावर ही सारी कला उभी आहे. वाडगा करायचा असेल, तर तबकडी साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन कोरडी करतात, उष्णता सोसणाऱ्या पालथ्या भांड्यावर ठेवतात आणि भट्टीत सुमारे ९० ते १०० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवतात. तबकडीचे काठ लोंबू लागले, की जाड हातमोजे घालून ती बाहेर काढायची आणि मिनिटभरात हवा तसा आकार द्यायचा. वेळ फार थोडा मिळतो. परंतु आकार बिघडला, तर पुन्हा तापवून सुधारता येतो. बांगडीसाठी कापलेली अरुंद पट्टी जवळपास उकळत्या पाण्यातही पुरेशी नरम पडते.

घड्याळाचे काम त्याहून सोपे. तबकडीच्या मधले भोक सात मिलिमीटरहून किंचित मोठे असते आणि बाजारात मिळणाऱ्या घड्याळाच्या यंत्राचा आटेदार दांडा बहुधा त्याहून जरासा जाड. तेव्हा गोल कानशीने भोक थोडे वाढवले, यंत्र मागून बसवले आणि पुढून चाकी आवळली, की काम झाले. नक्षी कोरायची असेल, तर बारीक पात्याची करवत आणि नंतर पॉलिश पेपर एवढी सामग्री पुरते.

येथे तीन गोष्टींचे भान मात्र आवश्यक आहे. पहिली, तबकडी प्रमाणाबाहेर तापली, तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घसा आणि डोळे जाळणारा वायू सुटतो. म्हणून आच मंद हवी, खिडक्या उघड्या हव्यात आणि ज्या भट्टीत आपण केक किंवा नानकटाई भाजतो, ती या कामासाठी वापरू नये. याच कारणाने लेझरच्या यंत्रावर व्हिनाइल कापणे टाळतात. त्या वायूने माणसाला अपाय होतो आणि यंत्रही गंजते. दुसरी, अशा प्लास्टिकमध्ये शिशासारख्या धातूंची संयुगे असू शकतात. म्हणून वाडगा कितीही देखणा झाला, तरी त्यात फळे कापून किंवा फराळ वाढू नये. तिसरी, कापताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये यासाठी तोंडावर पट्टी बांधावी. जबाबदार कारागीर आपल्या वस्तूसोबत ‘खाद्यपदार्थांसाठी नाही’ अशी चिठ्ठी देतो. ग्राहकानेही ती मागून घ्यावी.

साहित्य आणि आशय

जुन्या तबकडीकडे केवळ कच्चा माल म्हणून पाहणे, ही काही आजची गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आयात अडचणीत आली, तेव्हा अमेरिकी शासनाने १९४२ साली तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली. मग जुन्या तबकड्या गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. त्या दळून त्यांचा चुरा नव्या मिश्रणात मिसळला जाई. आपल्या जंगलांतून गेलेली लाख अशा रीतीने पुन्हा तबकडीतच गेली. मात्र जुन्या तबकडीवरचा आवाज नव्या तबकडीत गेला नाही. साहित्य वाचले, आशय गेला.

याच्या नेमके उलट उदाहरण सोव्हिएत रशियात घडले. युद्धानंतरच्या काळात तेथे पाश्चात्त्य जॅझसारख्या संगीतावर बंदी होती आणि तबकडी बनवायला साहित्यही नव्हते. तेव्हा लेनिनग्राडमधील संगीतवेड्यांनी इस्पितळांतून टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्म मिळवल्या, त्या गोल कापल्या, त्यांवर गाणी कोरली आणि त्या चोरून विकल्या. कोणाच्या तरी बरगड्यांचे चित्र असलेली ती पातळ चकती प्रकाशात धरली, की हाडे दिसत आणि यंत्रावर ठेवली, की गाणे ऐकू येई. कचऱ्यात गेलेल्या वस्तूला तेथे मोल आले, ते केवळ तिच्यावर कोरलेल्या आवाजामुळे.

या दोन उदाहरणांतून एक साधे तत्त्व हाती लागते. तबकडीत दोन मालमत्ता असतात. एक तिचे साहित्य आणि दुसरी तिचा आवाज. घड्याळ बनवताना आपण पहिली वापरतो आणि दुसरी कायमची निर्लेखित करतो. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे, तर यंत्राचे आयुष्य संपल्यावर उरणाऱ्या अवशिष्ट मूल्यावर आपण वस्तू विकतो. पण आयुष्य संपले आहे की नाही, याची तपासणी करायचे मात्र राहून जाते.

न्यूयॉर्कमधील एक खोके

ही तपासणी किती मोलाची ठरू शकते, याचे एक उदाहरण प्रत्येक मराठी आणि कोकणी माणसाला अभिमान वाटावा असे आहे. १९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडच्या प्रवासासाठी सोडली. वाटेत कोणी बुद्धिमान जीव भेटलेच, तर त्यांना पृथ्वीची ओळख व्हावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी ठेवण्यात आली. सोबत ती वाजवण्यासाठी सुई आणि वाजवण्याची रीत सांगणारी चित्रेही. त्या तबकडीवर ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत. त्यांत मराठीही आहे. जगभरातील निवडक संगीतही तिच्यावर आहे. भारतीय संगीताचे प्रतिनिधित्व करते ती सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी.

गोव्यातील केरी या गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय चोखंदळ होत्या. त्यामुळे त्यांच्या तबकड्या मुळातच थोड्या. विविध देशांच्या संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी सुचवली, तेव्हा तिची तबकडी बाजारात मिळेनाशी झाली होती. कार्ल सेगन यांच्या चमूने बरीच शोधाशोध केली. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, एका टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. त्यांतून ती भैरवी अंतराळयानावर गेली. व्हॉयेजर-१ यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. ऑगस्ट २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. केसरबाईंचा स्वर आज ताऱ्यांमधल्या पोकळीत प्रवास करीत आहे.

आता क्षणभर विचार करा. टेबलाखाली धूळ खात पडलेले, कोणी न विचारणारे ते खोके दुकानदाराने आवराआवरीत भंगारात काढले असते, तर? साहित्य म्हणून त्या तीन तबकड्यांची किंमत ती काय होती? तीन वाडगे, नाहीतर तीन घड्याळे.

कारागिराचा हिशेब

येथे कोणी म्हणेल, की कारागिराला पोट आहे. प्रत्येक तबकडी ऐकत बसायला त्याला कशी फुरसत मिळणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून भावना बाजूला ठेवून निव्वळ हिशेब मांडू या. समजा, एका घड्याळासाठी तबकडी ५० रुपये, यंत्र व काटे १०० रुपये, पाती आणि पॉलिश पेपर ३० रुपये, वेष्टन ४० रुपये, दोन तासांची मजुरी २०० रुपये, प्रदर्शनातील जागेच्या भाड्याचा वाटा ६० रुपये आणि नासधुशीपोटी २० रुपये धरले. एकूण खर्च ५०० रुपये झाला. घड्याळ ६५० रुपयांना विकले, तर १५० रुपये नफा.

या ५०० रुपयांत तबकडीचा वाटा अवघा एक दशांश आहे. उरलेले मोल आहे ते कारागिराच्या हाताचे, वेळेचे आणि जोडसामानाचे. ग्राहकही पैसे देतो ते आकाराला आणि लेबलाच्या रंगाला. कारण घड्याळ झालेली तबकडी त्याला ऐकता येत नाही. म्हणजेच ओरखडे पडून निकामी झालेल्या तबकडीचे घड्याळ ६५० रुपयांना जाईल आणि जगात उरलेल्या एकमेव प्रतीचे घड्याळही ६५० रुपयांनाच जाईल. दुर्मिळ तबकडी कापल्याने कारागिराच्या पदरात एक रुपयाही जास्त पडत नाही. उलट तीच तबकडी अखंड ठेवून एखाद्या संग्राहकाला दिली, तर दोन तासांची मजुरी न घालता घड्याळापेक्षा अधिक किंमत येऊ शकते. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात, तो येथे स्पष्ट दिसतो.

शिवाय तबकडीला ऐकणारा ग्राहक उरलाच नाही, हा समजही आता खरा नाही. मुंबईतील काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’ हे नामांकित संगीत दालन २०१६ साली बंद झाले, तेव्हा अनेकांना एक युग संपल्यासारखे वाटले होते. परंतु अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या तबकड्यांची विक्री संख्येने सीडींपेक्षा जास्त झाली. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. मुंबईचा चोर बाजार असो वा कोलकात्याची फ्री स्कूल स्ट्रीट, जुन्या तबकड्या चाळणाऱ्यांत तरुण चेहरेही दिसतात. तेव्हा निवड करून कापणे, ही केवळ भावनिक बाब नसून शहाण्या व्यवहाराची बाब आहे.

कापण्यापूर्वी पाच प्रश्न

तबकडीचे मूल्यांकन करायला संगीतज्ञ असण्याची गरज नाही. पुढील पाच प्रश्नांची उत्तरे कोणालाही शोधता येतील.

पहिला प्रश्न : तबकडी लाखेची आहे की व्हिनाइलची? लाखेची असल्यास करवत बाजूला ठेवावी. तिचा वाडगाही धड होत नाही आणि त्या कुळातील प्रती दिवसेंदिवस घटतच जाणार आहेत. ती स्वच्छ करताना स्पिरिट मात्र कधीही वापरू नये. लाकडी सामानाला स्पिरिट पॉलिश करताना लाख ज्या द्रवात विरघळवतात, तोच हा द्रव. त्याने धूळ जाईलच, पण तबकडीचा पृष्ठभागही विरघळेल.

दुसरा प्रश्न : लेबलावर काय लिहिले आहे? गायक किंवा वादकाचे नाव, राग अथवा चित्रपट, कंपनी आणि क्रमांक यांची वहीत नोंद करावी. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत कोरलेला क्रमांकही टिपावा; तो तबकडीच्या जन्मदाखल्यासारखा असतो. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे दाबल्या जात. गाण्याच्या शेवटी गायिकेने स्वतःचे नाव उच्चारण्याची जी प्रथा तेव्हा पडली, तिच्यामागे दूरदेशीच्या कारखान्यात तबकडीची ओळख पटावी हा हेतू सांगितला जातो. १९०८ साली कारखाना कलकत्त्यातच निघाला आणि ही गरज सरली. ओळखीचे काम लेबलाकडे आले. ते लेबल वाचण्याचे काम आता आपले आहे.

तिसरा प्रश्न : तबकडी वाजते का? तिरप्या उजेडात धरून पाहावी. वरवरची धूळ आणि बारीक रेघा म्हणजे बिघाड नव्हे. आरपार तडा, खोल चर किंवा उन्हाने आलेला बाक असेल, तरच ती निकामी समजावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असते. ती एलपीच्या सुईने वाजवून ‘खराब आहे’ असा निकाल देणे अन्यायाचे ठरेल. तसेच जुन्या चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईखाली एलपी ठेवू नये. एका फेरीतच तिचे नुकसान होते.

चौथा प्रश्न : हे ध्वनिमुद्रण इतरत्र उपलब्ध आहे का? लोकप्रिय चित्रपटगीतांच्या असंख्य प्रती निघाल्या आणि त्यांतील बहुतेक गाणी आज भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात. अशी तबकडी खराब झाली असेल, तर तिचे घड्याळ खुशाल करावे. मात्र एखादा अपरिचित कीर्तनकार, जुन्या नाटक मंडळीतील नट, प्रादेशिक बोलीतील लोकगीत, भाषण किंवा विनोदी संवाद असेल, तर थांबावे. थोरामोठ्यांचे आवाज जपायला अनेकजण असतात. या लहान आवाजांना मात्र ती एक तबकडीच आधार असते.

पाचवा प्रश्न : कोणाला विचारता येईल? आपल्या देशात जुन्या ध्वनिमुद्रणांची आस्थेने जपणूक करणारी मंडळी आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले आणि आपल्या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांविषयीची मोलाची माहिती प्रसिद्ध केली. १९८२ साली स्थापन झालेले, गुरुग्राम येथील अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-अभिलेखागार अभ्यासकांना परिचित आहे. ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ने तर ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील संगीत संगणकीय स्वरूपात आणून सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. लेबलाचे एक छायाचित्र आणि चार ओळींचे पत्र, एवढ्यावर पुष्कळदा उत्तर मिळते.

या पाच पायऱ्या चढून आलेली तबकडी जर निकामी, सर्वत्र उपलब्ध आणि व्हिनाइलची निघाली, तर ती कारागिराच्या हाती निःशंक मनाने द्यावी.

छंद, व्यवसाय आणि आपण

आपल्या ग्राहकांपैकी अनेक गृहिणी, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी हस्तकलेचा छंद जोपासतात. छंदाला व्यवसायाचे रूप द्यायचे, तर फार मोठे भांडवल लागत नाही. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते; छोटी भट्टी, करवती, घड्याळाची यंत्रे आणि प्रदर्शनाचे भाडे यांची सुरुवातीची तरतूद त्यातून होऊ शकते. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. बचत गटांनी एकत्रितपणे यंत्रे आणि वेष्टने खरेदी केल्यास खर्च आणखी कमी होईल. खरेदीची बिले, मालाची नोंद आणि विक्रीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. कर्जाच्या वेळी ती आपली सर्वांत मोठी साक्ष ठरते.

त्याच मालनोंदवहीत एक रकाना अधिक आखावा, अशी नम्र सूचना आहे : तबकडीवर कोणाचा आवाज होता आणि ती का निवडली. ही नोंद असलेली चिठ्ठी घड्याळाच्या मागे चिकटवली, तर ग्राहकाला वस्तूबरोबर तिचा इतिहासही मिळेल. ‘ही तबकडी तडकलेली होती, हे गाणे अन्यत्र सुरक्षित आहे’ असे सांगू शकणारा कारागीर बाजारात विश्वास कमावतो, आणि विश्वासाचे व्यापारातील मोल बँकेत काम करणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

सेवानिवृत्ती, वर्धापनदिन किंवा वाढदिवस अशा निमित्ताने आपणही या वस्तू भेट देतो. तेव्हा विकत घेताना विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : या तबकडीवर काय होते? असे विचारणाऱ्यांची संख्या वाढली, की कापणारे हातही आपोआप थबकून लेबल वाचू लागतील. आणि आपल्या घरच्या माळ्यावर तबकड्या असतील, तर त्या आडव्या रचून ठेवण्याऐवजी उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात आणि घरातील ज्येष्ठांसोबत बसून त्यांची यादी करावी. कोणते गाणे कोणी, कधी आणि कोणत्या प्रसंगी आणले, हे सांगणारे माणूस घरात आहे तोवर हे काम उरकून घ्यावे.